कापलेल्या पलंगाचे दावेदार

गेल्या वर्षीच्या दिवाळी अंकात एका विद्वान गृहस्थांनी काशीतल्या लग्नाच्या चालीरीतींवर लेख लिहिला होता. लेख चांगला होता. म्हणजे त्यातली छायाचित्रे चांगली होती. मजकुरात मात्र त्यांनी असे विधान केले आहे की, जुन्या शहरातल्या गल्ल्यांमधून नवदांपत्याचा पलंग दोन अर्ध्यांत आणायचा, उंबऱ्यावर त्याला ओवाळायचे आणि मग वधूवरांच्या हातून तो जोडून घ्यायचा, ही प्रथा येथे 'शतकानुशतके' चालत आली आहे.

या प्रथेला मी तिच्या जन्माच्या दिवसापासून ओळखतो. ती माझ्या मुलापेक्षा एका वर्षाने मोठी आहे. माझ्या मुलाला कोणी शतकानुशतके चालत आलेला म्हटले, तर मी गप्प बसेन काय?

संपादकांनी उत्तरासाठी जागा दिली, परंतु अट घातली. नुसते खंडन नको. काशीच्या बहुसांस्कृतिक जीवनात आपल्या व्यवसायाने जी भर घातली, तीवर लिहा. मी फोनवरच त्यांना म्हणालो, "अहो, मी पलंग विकले, संस्कृती विकली नाही." ते म्हणाले, "काका, तेच लिहा." तेव्हा आता तेच लिहितो.

मी मूळचा कराडचा. वडिलांच्या अस्थी घेऊन काशीला आलो आणि दुर्गाघाटावर आमच्या उपाध्यायांच्या घरी उतरलो. त्यांनी जेवण उत्तम दिले आणि झोपायला सतरंजी दिली. माझी पाठ कराडच्या पलंगावर वाढलेली. सकाळी मी विचारले, "गुरुजी, घरात एकही पलंग नाही?" ते हसून म्हणाले, "पलंग आहे की. वरच्या खोलीत. आजोबांनी सुतार घरात बसवून करून घेतला. तो त्याच खोलीत जन्मला आणि त्याच खोलीत मरणार. खाली येऊ शकत नाही, आणि दुसरा वर जाऊ शकत नाही."

अस्थी गंगेत सोडल्या आणि हे वाक्य मात्र डोक्यात राहिले. ज्या शहरात पलंग गल्लीत शिरत नाही, तेथे पलंग शिरवणाऱ्याला मरण नाही, असा हिशेब करून मी सहा महिन्यांत गल्लीच्या तोंडाशी दुकान टाकले. माझा शहाणपणा पाहून दूधविनायकातल्या एका मराठी घराने मला मुलगीही दिली. कुमुद काशीतच जन्मलेली. मराठी आमच्यापेक्षा शुद्ध, हिंदी अस्खलित आणि बनारसी टोमणे तर जिभेवरच. माझी हिंदी तेव्हा कराडची होती. ती आजही कराडचीच आहे, असे कुमुदचे म्हणणे आहे. त्याचे खंडन मी या लेखात करत नाही.

बाहेरच्या वाचकांसाठी धंद्यातली एक गोष्ट सांगणे भाग आहे. लोकांना वाटते की, सामान गल्लीच्या रुंदीला अडते. चूक. सामान वळणाला अडते. सरळ गल्लीतून हत्तीसुद्धा जाईल. काटकोनात मात्र साधा पलंग भिंतीला डोके टेकून बसतो. उभा करावा तर वर छज्जे आणि विजेच्या तारा. हे ज्ञान मला पुस्तकातून मिळाले नाही. ते मुन्शी घाटाच्या मागच्या एका वळणावर, भर सकाळी, दीडदोनशे लोकांच्या साक्षीने मिळाले.

तेथे एक बंगाली शिक्षिका राहत. सगळा मोहल्ला त्यांना माशीमा म्हणे. त्यांच्या मुलीचे लग्न ठरले आणि त्यांनी माझ्याकडे पलंग सांगितला. बंगाली पलंग उंच हवा, कारण खाली ट्रंका, हंडे, पुस्तके असा निम्मा संसार राहतो. मी खोली मोजली, दार मोजले, जिना मोजला. माझा कारागीर नसीम मिस्त्री याने शिसमाचा असा पलंग केला की, तो पाहायला दुकानात रांग लागे. लग्नाच्या आदल्या दिवशी तो आम्ही नावेत घालून मुन्शी घाटावर उतरवला, पायऱ्या चढवला, गल्लीत घातला आणि माशीमांच्या घरापासून वीस पावलांवरच्या वळणात तो अडकला. वळण मी मोजले नव्हते.

पुढेही जाईना, मागेही येईना. इकडून हमालांनी ढकलले, तिकडून मी ओढले. पहिल्या अर्ध्या तासात गल्ली तुंबली. दुसऱ्या अर्ध्या तासात लोकांनी परिस्थिती स्वीकारली. शाळेतली मुले पलंगाखालून जाऊ लागली. एका भाजीवालीने त्यावर पालकाच्या जुड्या मांडल्या. पलीकडे एक सांड येऊन उभा राहिला आणि नसीमच्या कारागिरीचा वास घेऊ लागला. एक गृहस्थ तोंडात पान धरून, मान वर करून, मला म्हणाले, "का गुरू, दुकान एहीं लगावे के बिचार हौ का?" बोलण्याइतकी हिंदी त्या क्षणी माझ्याजवळ उरली नव्हती.

नसीमने पलंगाला एक फेरी घातली, म्हणजे अर्धी घातली. पूर्ण घालायला जागा नव्हती. मग त्याने पिशवीतून करवत काढली आणि शांतपणे विचारले, "सेठ, दीवार काटें कि पलंग?"

भिंत कोणाची होती हे मला माहीत नव्हते. पलंग माझा होता. मी मान हलवली. त्याने दोन्ही लांब बाजू बरोबर मध्यावर कापल्या, आणि कापताना आडवे न कापता पायरीसारखे कापले, म्हणजे पुन्हा जोडताना एक तुकडा दुसऱ्यावर बसून पाचर मारता येईल. पाऊण तासात दोन अर्धे पलंग माशीमांच्या दारात उभे राहिले, आणि माशीमा त्यांच्याकडे पाहून मटकन उंबऱ्यावर बसल्या.

"ए की सर्वनाश! काटा हुआ पलंग? हामारा मेये का बिये में?"

त्यांचे चूक नव्हते. पती अकाली गेलेले, एकुलती एक मुलगी, आणि लग्नाच्या आदल्या दिवशी दारात दोन तुकडे झालेला पलंग. आतून मुलीच्या रडण्याचा आवाज येऊ लागला. शेजारणी कुजबुजू लागल्या. पलंग परत न्यावा तर वळणात पुन्हा तोच तमाशा. न न्यावा तर त्या घरात तो कोणी ठेवणार नाही. माझे दुकान तेव्हा आठ महिन्यांचे होते. या गल्ल्यांत बातमी सामानापेक्षा वेगाने वळते. अपशकुनी पलंगवाला हे नाव एकदा लागले की, मला कराडचे तिकीट काढण्याखेरीज गत्यंतर नव्हते.

येथून पुढच्या घटनेबद्दल मतभेद आहेत.

दुर्गाघाटाचे एक शास्त्रीबुवा सांगतात की, शय्येचे दोन भाग जोडण्याचा विधी ग्रंथांत आहे. कोणत्या ग्रंथात, हे मी वीस वर्षे विचारतो आहे. दर वेळी ग्रंथ बदलतो. बंगाली मंडळी म्हणतात, ही चाल त्यांची, कारण पहिला पलंग त्यांच्या घरात गेला. मुसलमान विणकरांच्या मोहल्ल्यात ही काशीच्या हिंदूंची जुनी रीत म्हणून ओळखतात, आणि तरीही हौसेने पाळतात; तेथे ओवाळण्याऐवजी पलंगावर गुलाबपाणी शिंपडतात आणि जोडणाऱ्यांना शरबत देतात. आमचे मराठी लोक सर्वांत थोर. ते म्हणतात, हे बंगाल्यांचे आहे, पण छान आहे.

नसीम मिस्त्रीचा दावा होता की, करवत त्याची, पायरीचा काप त्याचा, म्हणून प्रथा त्याची. हा वाद आम्ही पस्तीस वर्षे घातला. दर ईदेला तो शेवयांची वाटी पुढे ठेवी आणि म्हणे, "पहले मान लो, फिर खाओ." मी न मानता खात असे. माझे म्हणणे असे की, पलंग माझा, गिऱ्हाईक माझे आणि मुख्य म्हणजे चूक माझी. चूक झाली नसती तर त्याची करवत पिशवीतच राहिली असती. चार वर्षांपूर्वी नसीम गेला. एखाद्या ईदेला मान्य करून टाकले असते, तर शेवया काही कडू लागल्या नसत्या.

आणि शेवटचा दावा माझ्या घरातला आहे. तो आजवर मी कोणाला सांगू दिला नाही. गोष्ट सांगताना मी नेहमी असेच सांगत आलो की, 'मग मी माशीमांना समजावले.' हा मजकूर मी कुमुदला वाचून दाखवत असताना या वाक्यापाशी ती पलीकडून म्हणाली, "कोणत्या भाषेत समजावलंत?"

मी म्हणालो, "मध्ये बोलू नकोस, लेख आहे."

"लेखच आहे ना? मग खरं लिहा. दुकानापुरतं ठीक होतं."

तेव्हा खरे लिहितो. तमाशाची बातमी ऐकून कुमुद घरून आली होती. लग्नाला वर्षही झाले नव्हते. तिने माझा चेहरा पाहिला, माशीमांचा पाहिला आणि शेजारच्या घरातून एक ताम्हन, निरांजन आणि चिमूटभर कुंकू मागून आणले. भर गल्लीत, दीडदोनशे लोकांसमोर, तिने त्या दोन तुकड्यांना ओवाळले आणि इतक्या सहज आवाजात बोलली की, क्षणभर मलाही खरे वाटले.

"माशीमा, यह टूटा थोड़े ही है! हमारे यहाँ ऐसा ही होता है। पलंग दो टुकड़े में आता है, घर में जुड़ता है। आधा दूल्हे का, आधा दुल्हन का। दोनों अपने हाथ से जोड़ते हैं, तब जाकर पलंग बनता है।"

आमच्यात असे काहीही होत नाही. कराडला नाही, दूधविनायकात नाही, कुठेच नाही. माशीमांनी डोळे पुसून माझ्याकडे पाहिले. "सच? तुम मराठी लोग में?" मी तोंड उघडले, आणि कुमुदने माझ्या पायावर पाय दिला. मी तोंड मिटून मान हलवली. माशीमा उठल्या, त्यांनी शंख मागवला, बायकांनी जीभ हलवून बंगाली मंगलकार्यातला उलूध्वनी केला आणि माझे दुकान वाचले. दोन दिवसांनी त्या मुलीने आणि सासूच्याच घरी राहायला आलेल्या जावयाने पाचर ठोकून तो पलंग जोडला. तो अजून त्याच घरात आहे, आणि त्यांच्या नातवंडांच्या उड्या सोसतो आहे.

महिनाभरात दुसरी बंगाली आई दुकानात आली. "वो मराठी वाला दो टुकड़ा पलंग है?" नसीमने माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "है." ज्या धंद्यात इतके दिवस पलंग न शिरण्याची भीती होती, त्यात आता अखंड पलंग कोणी मागेना.

बहुसांस्कृतिक वगैरे जे काही आहे ते याच्या नंतरचे. आम्ही प्रत्येक सामानाआधी बांबूची एक चौकट, पलंगाच्याच मापाची, दुकानापासून घरापर्यंत फिरवून पाहू लागलो. गल्लीतली मुले तिला पलंगाचे भूत म्हणत, आणि भूत ज्या दारात पोहोचले त्या घरी लग्न आहे हे मोहल्ल्याला पत्रिकेआधी कळे. घरोघर भूत फिरवताना कोणाचे काय चालत नाही हे मी शिकलो. हिंदू घरात उत्तरेला डोके नको. मुसलमान घरात पश्चिमेला पाय नकोत. खोल्या मात्र अशा की, पलंग एकाच दिशेने बसतो. यावर नसीमने डोक्याकडची फळी दोन्ही टोकांना बसेल अशी केली. पलंग जागचा हलत नाही, माणूस फिरतो. अशा फळीचा पलंग कोणत्याही धर्माच्या घरात सुखाने झोपू शकतो. फळीचे श्रेय नसीमचे. त्याबद्दल वाद कधीच नव्हता, हे मी येथे मोठ्या मनाने नोंदवतो. पुढे हनुमान घाटाकडच्या एका तमिळ घराने बंगाली उंचीचा पलंग मागितला, एका बंगाली घराने मराठी झोपाळा, आणि एका मराठी घराने विणकरांचे बुटके तख्त. त्या तख्तावर माझी सासू शेवटपर्यंत बसली आणि 'ही आमच्याकडची पूर्वापार बैठक' असे सांगत राहिली. मी खंडन केले नाही. सासूचे खंडन करत नसतात.

आता हे सगळे आजच लिहिण्याचे कारण. चैत्रात कुमुद ओल्या पायरीवरून घसरली आणि तिचे खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया नीट झाली. डॉक्टरांनी घरी सोडताना सांगितले की, पाठ वरखाली करता येते तशी दवाखान्यातली लोखंडी कॉट आठवड्याभरात घरी आणा; तख्तावर हे हाड जुळायचे नाही. कॉट येणे शक्य नसेल तर लिफ्ट असलेल्या ठिकाणी न्या. आमचे चिरंजीव पुण्याला असतात. त्यांनी त्याच संध्याकाळी फोनवर निकाल दिला. "बाबा, कॉट मी पाठवतो. पण ती त्या गल्लीत शिरणार नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. आईला घेऊन कायमचे इकडे या."

कुमुद तख्तावर पडून ऐकत होती. फोन ठेवल्यावर ती म्हणाली, "लिफ्टनं खाली उतरून मी जाऊ कुठे? तिथे खाली कोण आहे माझं?" नंतर भिंतीकडे तोंड करून तिने जे म्हटले ते थट्टेत नव्हते. "मला इथून हलवू नका हो."

कॉट आली. आणणाऱ्यांनी ती गल्लीच्या तोंडाशी टाकली, माझी सही घेतली आणि ते पळाले. मी दुकान सोडून सात वर्षे झाली होती. भुताचे बांबू मात्र माळ्यावर होते. नसीमचा मुलगा सलीम याला बोलावले. तो लाकूड सोडून लोखंडात गेला आहे, खिडक्यांच्या जाळ्या करतो. आम्ही दोघांनी कॉटच्या मापाचे भूत बांधले आणि निघालो. ओटे रिकामे झाले, लोक मागून येऊ लागले. घरापासून दहा पावलांवर, दूधविनायकाच्या शेवटच्या वळणात, भूत भिंतीला डोके टेकून उभे राहिले. आडवे घातले, तिरके घातले, उभे केले. वर तारा, पुढे भिंत. आयुष्यभर मी लोकांना वळणांबद्दल व्याख्याने दिली, आणि स्वतःचे घर नेमके त्या वळणाच्या पलीकडे घेतले होते.

कॉटची चौकट अखंड होती. तिला ना पाचर, ना फळी. मी चिरंजीवांना फोन लावला आणि म्हणू लागलो, "ठीक आहे, पुढच्या आठवड्यात तिकिटं..." तेवढ्यात सलीमने माझ्या हाताला हात लावला. त्याच्या दुसऱ्या हातात लोखंड कापायचे यंत्र होते.

"चचा, दीवार काटें कि पलंग?"

हे वाक्य त्याला कोणी शिकवले होते हे विचारण्याची गरज नव्हती. पलीकडून चिरंजीव ओरडत होते, "बाबा, कापू नका, नवी आहे ती!" मी फोन खिशात ठेवला.

सलीमने लोखंड पायरीसारखेच कापले. सांध्यांवर पट्ट्या घातल्या, भोके पाडली, नटबोल्ट बसवून एकदा गल्लीतच जोडून दाखवली, स्वतः तिच्यावर बसून उडी मारली आणि पुन्हा सोडवली. मग दोन तुकडे वळण पार करून आमच्या उंबऱ्यावर आले. कुमुदला खालच्या खोलीतल्या तख्तावरून दार दिसत होते.

तिच्या शुश्रूषेसाठी रीना नावाची मुलगी येते, गाझीपूरची. ती दारातच आडवी उभी राहिली. "चाचाजी, यह क्या ले आए? शादी में तो दो टुकड़े वाला पलंग हम भी देखे हैं, हमारे ग़ाज़ीपुर में पुराने ज़माने से होता है। मगर बीमार आदमी के लिए कटा पलंग? यह तो अपशकुन है।"

'पुराने ज़माने से' हे शब्द माझ्या कानात शिरले आणि खंडन ओठांवर आले. पण ओटे भरले होते, बायका कुजबुजू लागल्या होत्या, आणि मी आत पाहिले. कुमुद रीनाकडे पाहत नव्हती. ती माझ्याकडे पाहत होती, आणि बेचाळीस वर्षांत प्रथमच ती काही बोलत नव्हती. माझ्या पायावर पाय द्यायला तिला उठता येत नव्हते.

मी घसा साफ केला.

"नहीं बेटी," मी म्हणालो. "हमारे यहाँ ऐसा ही होता है। पलंग दो टुकड़े में आता है, घर में जुड़ता है। शादी में भी, बीमारी में भी। फिर आदमी ठीक हो जाता है।"

रीनाने क्षणभर माझ्याकडे पाहिले, पदर सावरला आणि ती देवघरातून निरांजन घेऊन आली. तिने दोन्ही तुकड्यांना ओवाळले. सलीमने ते आत आणून तख्ताशेजारी भिडवले, तीन बोल्ट त्याने आवळले आणि चौथा माझ्या हातात दिला. मी तो भोकात धरला. कुमुदने पडल्या पडल्या हात लांब केला आणि बोटांनी त्याचा नट फिरवला, घट्ट होईपर्यंत.

विद्वान लेखकांना माझे उत्तर येथे संपले. 'शतकानुशतके' हा शब्द त्यांनी मागे घ्यावा, एवढा आग्रह मात्र कायम आहे. प्रथा कोणाची, याबद्दल त्यांनी हवे तर आमच्या घरी येऊन चौकशी करावी. कॉट खिडकीपाशी आहे, पाठ उंच करून बसलेली व्यक्ती त्यांना सर्व सांगेल, आणि मी मध्ये बोलणार नाही.

त्या दिवशी सगळे गेल्यावर मी तिची उशी सारखी करत होतो. ती डोळे मिटून होती. मला वाटले, झोपली.

"बेचाळीस वर्षं लागली हो तुम्हाला," ती म्हणाली, "एवढी एक थाप पाठ करायला."